वाचक विचारतात : तेलाची पिशवी, आजीचे तोळे आणि कापराची वडी

या महिन्यात आलेल्या पत्रांतून पाच पत्रे निवडली आहेत. एकात तेल आहे, एकात सोने, एकात देवघरातला कापूर, आणि उरलेल्या दोन पत्रांत शाळा-कॉलेजच्या वहीतल्या अडचणी आहेत. पत्रे वाचताना जाणवले की या पाचांपैकी चार जण एकाच शब्दाला अडखळले आहेत आणि तो शब्द ‘किती’ हा आहे. मराठीत ‘किती’ विचारताना आपण कधी वस्तूने व्यापलेली जागा विचारत असतो, कधी तिचे वस्तुमान, तर कधी नुसता नग. किराणावाल्याला, सराफाला आणि शाळेतल्या बाईंना आपण हाच एक शब्द ऐकवतो, आणि समोरच्याने आपल्या मनात नसलेल्या ‘किती’चे उत्तर दिले की आपल्याला फसवणुकीची शंका येते. इंदुरात मी छत्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. त्या काळात पहिल्या धड्यातल्या ‘द्रव्य म्हणजे ज्याला वस्तुमान असते आणि जे जागा व्यापते ते’ या व्याख्येवरून मुले घाईघाईने पुढे जाताना मी नेहमी पाहिली. त्या एका वाक्यात दोन निरनिराळी मापे सांगितलेली आहेत, हे ज्याला नीट उमगले त्याला पुढची बरीच वाट सोपी जाते.

प्रश्न : आम्ही दर महिन्याला सोयाबीन तेलाच्या एक-एक लिटरच्या पाच पिशव्या आणतो. नातवाने सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक पिशवी ठेवली, तर ती ९१५ ग्रॅम भरली. दुकानदार म्हणतो, ‘काकू, लिटर आहे, किलो नाही.’ मग प्रत्येक पिशवीमागे ८५ ग्रॅम तेल आम्हाला कमी मिळते आहे का?
— एक गृहिणी, रामबाग, इंदूर

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे; तरीही आपली शंका अगदीच निराधार नाही. लिटर हे जागेचे माप आहे. प्रत्येकी दहा सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंची असलेल्या डब्यात जेवढे मावेल तेवढे म्हणजे एक लिटर. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे माप आहे. एक लिटर म्हणजे एक किलो हे समीकरण आपल्या डोक्यात पाण्यामुळे बसले आहे, आणि त्यात आपला दोष नाही, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दशमान पद्धत आखली गेली तेव्हा एक लिटर थंड पाण्याचे वस्तुमान म्हणजे एक किलोग्रॅम, अशीच मूळ कल्पना होती. चार अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध पाणी आजही ९९९.९७ ग्रॅम भरते. पण हे समीकरण पाण्यापुरतेच खरे आहे. दुधात साखर, प्रथिने आणि क्षार विरघळलेले किंवा मिसळलेले असल्यामुळे एक लिटर दूध एक किलोपेक्षा थोडे जास्त, साधारण १,०३० ग्रॅम भरते. तेल त्याच्या उलट आहे. वरणावर फोडणी ओतली की तेल वर तरंगते, हे आपण रोज पाहता. तेवढ्याच जागेत तेलाचे वस्तुमान पाण्यापेक्षा कमी मावते, म्हणून ते वर येते. एकक आकारमानात किती वस्तुमान मावते, या राशीला घनता म्हणतात.

आपले पत्र आल्यावर मी आमच्या घरची एक पिशवी काट्यावर ठेवली. ती ९१४ ग्रॅम भरली. तेल बरणीत ओतून, पिशवी उलटी टांगून पूर्ण निथळू दिली आणि मग रिकामी पिशवी तोलली, तर ती ४ ग्रॅम भरली. म्हणजे तेल ९१० ग्रॅम. पिशवीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘१ लिटर’ आणि त्याच्या शेजारी ‘९१० ग्रॅम’ असे दोन्ही आकडे छापलेले होते. आपणही आपल्या पिशवीवर ते शोधून पाहावेत. आपल्या ९१५ ग्रॅमांतही पिशवीचे दोन-चार ग्रॅम धरलेले आहेत, हे विसरू नये.

आता शंकेतला खरा भाग. तेलाचे वस्तुमान तापमानाने बदलत नाही, पण त्याने व्यापलेली जागा बदलते. तेल तापले की त्याचे रेणू एकमेकांपासून थोडे दूर सरकतात आणि तेच तेल अधिक जागा घेते. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना जेमतेम ८९३ ग्रॅम. म्हणजे दर अंशामागे पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर फरक पडतो. हाच हिशेब पुढे नेला तर इंदूरच्या जानेवारीतल्या दहा अंशांच्या पहाटे लिटरभर तेल ९२६ ग्रॅमांच्या आसपास असेल आणि मे महिन्यातल्या चाळीस अंशांच्या दुपारी ९०६ ग्रॅमांच्या आसपास. तेव्हा ‘एक लिटर तेल’ हे वर्णन तापमान सांगितल्याशिवाय अपुरे राहते, आणि या अपुरेपणाचा फायदा घेता येतो. काही उत्पादक पिशवीवर ६० अंश तापमानाचा आकारमान-आकडा छापत असत. एवढ्या तापमानाला आपल्या घरात तेल कधीच साठवलेले नसते. मात्र त्या हिशेबाने कमी वस्तुमानाचे तेल ‘एक लिटर’ या नावाने विकता येत असे. म्हणूनच केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादकांना सांगितले की आकारमान तापमानाचा उल्लेख न करता द्यावे आणि त्याच्यासोबत वस्तुमानही छापावे. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली होती.

माझा आग्रहाचा सल्ला असा, की तेल घेताना लिटरकडे पाहूच नये. ग्रॅमचा आकडा पाहावा, किमतीला त्याने भागावे आणि दोन पिशव्यांची तुलना त्या भागाकारावर करावी. हल्ली एक लिटरच्या पिशवीसारखीच दिसणारी, पण ८५० किंवा ७५० ग्रॅमची पिशवीही शेजारी मांडलेली असते. हाताला फरक कळत नाही. छापलेल्या आकड्याला कळतो. आणि पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेले असताना रिकाम्या पिशवीचे वजन वगळून तेल त्याहून बरेच कमी भरत असेल, तर ती वजन-मापे तपासणाऱ्या वैधमापन विभागाकडे करण्याजोगी तक्रार आहे आणि ती जरूर करावी.

प्रश्न : माझ्या आईच्या लग्नातल्या पाटल्यांची नोंद आजीच्या वहीत ‘८ तोळे ३ मासे ४ गुंजा’ अशी आहे, साल १९५४. परवा सराफ्यात त्या तोलल्या, तर काट्यावर ९६.५८२ ग्रॅम आले आणि सराफ म्हणाले, ‘साडेनऊ तोळ्यांच्या वर आहेत.’ सोने वाढले कसे? की आजीचीच नोंद चुकली?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आजींची नोंद उत्तम आहे, आणि ज्या काळजीने त्यांनी गुंजांपर्यंत लिहून ठेवले आहे ती पाहून मला फार बरे वाटले. सोने वाढलेले नाही. तोळा बदलला आहे.

जुन्या इंग्रजी अंमलातला प्रमाण तोळा ११.६६३८ ग्रॅमचा होता. बारा मासे म्हणजे एक तोळा आणि आठ गुंजा म्हणजे एक मासा, म्हणून तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. यावरून एक मासा ०.९७२ ग्रॅमचा आणि एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची होते. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आणली गेली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. मासा आणि गुंज हळूहळू तोंडातून गेले. तोळा हा शब्द मात्र कोणाला सोडवला नाही, म्हणून सराफ्यात तो दहा ग्रॅमचे टोपणनाव होऊन राहिला. सराफांनी ९६.५८२ ला दहाने भागले, ९.६६ आले, आणि साडेनऊ तोळ्यांच्या वर म्हणून सांगितले. त्यांच्या तोळ्याने ते बरोबरच आहे.

आजींचा आकडा ग्रॅममध्ये आणू. आठ तोळ्यांचे ९३.३१ ग्रॅम, तीन माशांचे २.९२ आणि चार गुंजांचे ०.४९, बेरीज ९६.७२ ग्रॅम. कॅल्क्युलेटरवर तोळ्यांच्या अपूर्णांकात हिशेब केलात तर ९६.७१२ असे येईल आणि आपल्याला वाटेल की हा जास्त अचूक. येथे थोडे थांबावे लागते. आजींच्या वेळच्या काट्यावर जे सर्वांत लहान वजन ठेवले गेले ते एका गुंजेचे, म्हणजे ०.१२ ग्रॅमचे. अर्ध्या गुंजेइतका फरक त्या काट्याला दिसलाच नसणार. मग त्या नोंदीतून ग्रॅमचा हजारावा भाग काढणे म्हणजे जे मोजलेच गेले नाही ते मोजल्यासारखे दाखवणे होय. प्रामाणिक उत्तर ‘९६.७ ग्रॅम, आतबाहेर अर्धी गुंज’ एवढेच आहे. मापनात जेवढे अंक खरोखर विश्वासाचे असतात त्यांना सार्थ अंक म्हणतात. गणिताने आकडे कितीही लांबवता येतात. सार्थ अंक वाढवण्याचे सामर्थ्य मात्र गणितात नसते, ते फक्त अधिक चांगल्या काट्यात असते.

सराफांचा काटा ग्रॅमचा हजारावा भाग दाखवतो, म्हणून ९६.५८२ मधले पाचही अंक लिहिणे योग्य आहे. दोन्ही मापांत फरक राहिला सुमारे ०.१३ ग्रॅमचा, म्हणजे साधारण एका गुंजेचा. सत्तर वर्षे हातात वागवलेल्या पाटल्यांची एवढी झीज होणे अगदी शक्य आहे. जुन्या काट्याची मर्यादाही त्यात असेल. कोणते किती, हे या दोन आकड्यांवरून वेगळे काढता येणार नाही. एक गोष्ट मात्र जुन्या वह्या वाचणाऱ्या सर्वांनी ध्यानात ठेवावी : मेट्रिक मापांपूर्वी वजने प्रांतोप्रांती, कधी गावोगावी निराळी असत. आपल्या नोंदीचा मेळ ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याशी इतका जवळून बसतो, यावरूनच येथे तो तोळा धरणे रास्त ठरते. कोणी आपल्या वहीतले आठ तोळे दहा ग्रॅमच्या हिशेबाने धरले असते, तर घरातल्या वाटणीत तेरा ग्रॅमहून अधिक तफावत निघाली असती. भावंडांत मन दुखावायला एवढे सोने पुष्कळ होते.

वजनावरून शुद्धता कळत नाही, हेही येथेच सांगतो. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो, कारण चोवीसातले बावीस भाग म्हणजे हजारातले सुमारे ९१६ भाग सोने. पाटल्या भरीव असतील आणि आत लाख नसेल, तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. पाटली दोऱ्याने काट्याला टांगून आधी हवेत आणि मग पूर्णपणे पाण्यात बुडवून तोलावी. पाण्यात वजन जितके ग्रॅम कमी भरेल तितके घन सेंटिमीटर तिचे आकारमान. शुद्ध सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम असल्यामुळे आपल्या पाटल्या चोवीस कॅरटच्या असत्या तर घट ५ ग्रॅमची आली असती. बावीस कॅरटला ती साडेपाच ग्रॅमच्या जवळ येते. तरी ही परीक्षा अखेरची मानू नये, कारण टंगस्टन या धातूची घनता सोन्याइतकीच, १९.३ च्या आसपास आहे आणि केवळ घनतेवरून दोहोंतला भेद कळत नाही. शुद्धतेचा निर्णय हॉलमार्किंग केंद्रातल्या तपासणीवरच सोडावा.

प्रश्न : आरती झाल्यावर माझ्या आठवीतल्या मुलीने विचारले, ‘आई, कापूर जळून काहीच उरले नाही, मग द्रव्य नष्ट होत नाही असे पुस्तकात का लिहिले आहे?’ आणि डबीतला कापूर तर न जाळताही उडून जातो. दोन्ही वेळी तो जातो कुठे?
— एक पालक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : आपल्या मुलीने एकाच वाक्यात रसायनशास्त्राच्या दोन प्रकरणांची सीमारेषा विचारली आहे. कापूर दोन वाटांनी नाहीसा होतो आणि त्या दोन वाटा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या आहेत.

आधी डबी. कापराचे रेणू एकमेकांना सैल धरून असतात, त्यामुळे पृष्ठभागावरचे काही रेणू वितळण्याच्या भानगडीत न पडता थेट हवेत निसटतात. स्थायूचे असे सरळ वायू होणे म्हणजे संप्लवन. डबी उघडताच जो वास येतो तो म्हणजे नाकापर्यंत पोहोचलेले कापराचेच रेणू. ते कापूरच असतात, त्यांच्यात काहीही बदल झालेला नसतो. याचा पुरावा घरातच आहे. पारदर्शक काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत कापराच्या वड्या ठेवून ती खिडकीजवळ काही दिवस राहू द्यावी. बरणीच्या थंड बाजूला, बहुधा वरच्या काचेवर, चकचकीत बारीक स्फटिक जमलेले दिसतात. खालून उडालेला कापूर वर जाऊन पुन्हा कापूर म्हणून बसला. हा भौतिक बदल झाला. कापूर उडू नये म्हणून डबीत चार मिरे टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या आईनेही ती पाळली. पण मिरे रेणूंना धरून ठेवू शकत नाहीत. ते काम घट्ट झाकणाचे आहे.

आता आरती. ज्योतीत कापराचा रेणू मोडतो. त्यात कार्बनचे दहा, हायड्रोजनचे सोळा आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन दहा कार्बन अणूंचे कार्बन डायऑक्साइडचे दहा रेणू होतात आणि सोळा हायड्रोजन अणूंचे पाण्याच्या वाफेचे आठ रेणू. आता तो कापूर राहिला नाही; थंड काच धरून तो परत मिळणार नाही. हा रासायनिक बदल. डोळ्यांना काही उरलेले दिसत नाही, कारण दोन्ही उत्पादने अदृश्य वायू आहेत आणि खोलीच्या हवेत मिसळून जातात. तबकाला जी काजळी धरते, तो पूर्ण न जळलेला कार्बन.

वस्तुमानाचा हिशेब मुलीला वहीत मांडायला सांगावा, कारण तो पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. १.५२ ग्रॅम कापूर पूर्ण जळताना हवेतून ४.३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतो. ही झाली ५.८४ ग्रॅम जमा. त्यातून ४.४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १.४४ ग्रॅम पाणी तयार होते, बेरीज ५.८४ ग्रॅमच. पाहा, आपल्याला जे ‘काहीच नाही’ वाटले ते मूळ कापराच्या जवळजवळ चौपट वस्तुमानाचे आहे. आपण फक्त कापूर मोजला होता. हवा मोजली नाही, धूरही मोजला नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी जे थोर काम केले त्याचे मर्म येथेच आहे. त्यांनी पदार्थ बंद भांड्यात तापवले, आधी आणि नंतर भांड्यासकट तोलले, आणि वायूंनाही जमाखर्चात धरले. तोपर्यंत वायू हा बहुतेक वेळा हिशेबाबाहेरचा पाहुणा असे.

याच धाग्यावर मुलीला आणखी एक गोष्ट विचारता येईल. सकाळी गल्लीच्या तोंडाशी पोह्यांच्या कढईतून येणारा वास द्रव्य आहे का? होय, कारण ते रेणू आहेत. त्या कढईखालच्या भट्टीची धग आणि तिचा प्रकाश? नाही, ती ऊर्जा आहे, तिला डबीत भरून काट्यावर ठेवता येत नाही.

एक काळजीची सूचना. कापूर पोटात गेल्यास विषारी ठरतो, म्हणून प्रयोग मोठ्यांच्या देखत करावा आणि बरणी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मोल ही संकल्पना पाठ आहे, आकडाही पाठ आहे, पण ग्रॅम असताना मोल कशाला हवा हे कळत नाही. सर म्हणतात, ‘पुढे कळेल.’
— एक विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : पुढे कळेल यावर मी तुला सोडणार नाही, कारण आत्ता कळले नाही तर पुढचे सगळे पाठांतर होईल.

एका बोल्टला दोन नट लागतात असे समज. कारखान्यात एक किलो बोल्ट आणि दोन किलो नट आणले तर जोड्या बरोबर जुळतील का? जुळणार नाहीत, कारण जोडी किलोंची लागत नाही, नगांची लागते. रेणूंचेही असेच असते. वरच्या उत्तरातला कापूर बघ : एका रेणूतून कार्बन डायऑक्साइडचे दहा आणि पाण्याचे आठ रेणू निघतात. निसर्ग नग मोजतो. आपल्याजवळ मात्र काटा आहे, आणि रेणू इतके लहान आहेत की ते एकेक करून कोणालाही मोजता येणार नाहीत. बँकेत नाण्यांची थैली तोलून नाणी किती ते काढता येते, कारण एका नाण्याचे वस्तुमान माहीत असते; तसा काट्यावरून नगांपर्यंत जाणारा पूल आपल्याला हवा असतो, आणि तो पूल म्हणजे मोल.

एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०^२३ नग. आकडा असा विचित्र दिसतो, कारण तो ग्रॅमशी जुळावा म्हणून निवडला आहे. रेणुवस्तुमानाचा, म्हणजे रेणूतल्या सगळ्या अणूंच्या अणुवस्तुमानांच्या बेरजेचा, आकडा घेऊन पुढे ‘ग्रॅम’ लिहिले की तेवढ्यात एक मोल रेणू असतात : पाणी १८ ग्रॅम, खाण्याचा सोडा ८४ ग्रॅम, कापूर १५२ ग्रॅम. कापराची अर्ध्या ग्रॅमची वडी तळहातावर घेतलीस तर त्यात दोनावर एकवीस शून्ये इतके रेणू आहेत. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केला गेला आहे. त्याच दिवसापासून किलोग्रॅमची व्याख्याही बदलली. तोपर्यंत पॅरिसजवळ सेव्र येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजेच किलोग्रॅम असे मानले जाई, आणि त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, आधारलेला आहे आणि कोणत्याही धातूच्या तुकड्यावर अवलंबून नाही.

करून पाहण्यासारखे एक गणित देतो. ४.२ ग्रॅम खाण्याच्या सोड्यावर पुरेसा लिंबाचा रस पिळला. ४.२ भागिले ८४ म्हणजे ०.०५ मोल सोडा. सोड्याच्या एका नगातून कार्बन डायऑक्साइडचा एक नग निघतो, म्हणून वायूही ०.०५ मोल. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू साधारण साडेचोवीस लिटर जागा घेतो, तेव्हा फुगा लावलास तर त्यात सव्वा लिटरच्या आसपास वायू यायला हवा. थोडा वायू पाण्यात विरघळून राहतो, म्हणून प्रत्यक्षात कमी येईल. तू तोललेस ग्रॅम, निसर्गाने मोजले नग, आणि फुग्यात दिसली जागा. तिन्ही ‘किती’ एका प्रयोगात आले.

प्रश्न : नातीसाठी प्रयोगशाळेतला तापमापक विकत घेतला. उकळत्या पाण्यात तो ९८ च्या पुढे जातच नाही. दुकानदार बदलून देण्यास तयार आहे. बदलून घ्यावा का?
— एक आजोबा, तिलक नगर, इंदूर

उत्तर : इतक्यात बदलू नये. पाण्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की पाणी उकळते. १०० अंश हा आकडा समुद्रसपाटीवरच्या दाबाचा आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. येथे आपल्या डोक्यावरची हवा तेवढी कमी, म्हणून पाणी ९८.२ अंशांच्या आसपासच उकळते. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये ते ८८ अंशांच्या जवळपास उकळू लागते. इंदुरातही पावसाळ्यात हवेचा दाब हिवाळ्यापेक्षा कमी असतो आणि दोन-चार दशांशांचा फरक त्यामुळे पडतो. आपला तापमापक बहुधा खरे बोलतो आहे.

तो खरे बोलतो की नाही हे तपासायचे असेल, तर बर्फ बारीक कुटून भांड्यात भरावा, थोडे पाणी घालून ढवळावे आणि बर्फ व पाणी दोन्ही असताना तापमापक त्यात पाच मिनिटे धरावा. बर्फाच्या वितळण्यावर हवेच्या दाबाचा परिणाम नगण्य असतो, म्हणून तेथे इंदुरातही शून्यच दिसायला हवे. शून्य दिसले तर नातीला वहीत उकळबिंदू ९८ असाच लिहू द्यावा, आणि त्याच्या शेजारी तारीख आणि ‘इंदूर’ हे गावाचे नावही लिहायला सांगावे.